हीटर गरम का होत नाही?

(सदाशिव पेठेत आपल्या गटाच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा दोघीतिघींनी मला विचारलं, "गाडीचा हीटर? आणि तो पुण्यात?" प्रश्न रास्त आहे. सदाशिव पेठेत गाडी उभी करायला जागा मिळाली तर माणूस देवाला नारळ वाढवतो, तिच्यातला हीटर चालतो की नाही हे कोण बघत बसणार! डिसेंबर-जानेवारीतली पहाटेची थंडी स्वेटरनं भागते. तेव्हा थंडीसाठी हीटर हवा असं मी म्हणतच नाही. मला तो हवा आहे समोरच्या काचेसाठी.

ज्या पावसाळ्यात घाटातून गाडी चालवतात त्यांना वेगळं सांगायला नको. बाहेर पाऊस आणि ढग, आत चार-पाच माणसं, ओल्या छत्र्या, ओल्या साड्या. प्रत्येकीच्या श्वासातून वाफ बाहेर पडते आणि ती गार काचेवर जाऊन बसते. पाच मिनिटांत काच पांढरी होते. फडक्यानं पुसली की क्षणभर दिसतं, पुन्हा वाफ धरते. अशा वेळी काचेवर गरम, कोरडी हवा सोडणं हाच उपाय, आणि ते काम हीटर करतो. गाडी विकत घेताना मात्र तो चालवून बघायचं कुणाच्याच मनात येत नाही. गाणी कशी वाजतात तेवढं आपण आवर्जून बघतो.

मी आमच्या कामासाठी भोर, वाई, महाड या बाजूला बरीच वर्षं स्वतः गाडी चालवत जाते. माझं शिक्षण कॉमर्सचं, इंजिनिअरिंगशी माझा काही संबंध नाही. काही वर्षांपूर्वी जुलैमध्ये महाडहून एका बाईला आणि तिच्या दोन मुलांना घेऊन मी रात्री वरंध घाटातून भोरकडे येत होते. त्या रात्री तिला तिथं ठेवणं शक्य नव्हतं, का ते तुम्हाला सांगायला नको. (हल्ली पावसाळ्यात हा घाट पुष्कळदा बंदच असतो, तेव्हा चालू होता.) चढण चढताना हीटर बरा चालत होता. माथ्यावर वाघजाईच्या पुढे चढ संपला आणि हीटरमधून गार वारा यायला लागला. काच पांढरी. खिडकी उघडली तर पाऊस आत. थोरला मुलगा आठ-नऊ वर्षांचा असेल, तो पुढे वाकून माझ्या समोरची काच टॉवेलनं पुसत राहिला आणि आम्ही बैलगाडीच्या चालीनं भोरला पोचलो.

दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजमध्ये नेली. गॅरेजचं नाव सांगत नाही, अशी खूप आहेत. मी सांगितलं, "चढावर हीटर गरम हवा देतो, उतारावर देत नाही." यावर मेकॅनिक हसला. "मॅडम, पुण्यात हीटर कशाला लागतो?" मग म्हणाला, "साहेबांना पाठवा, त्यांच्याशी बोलतो." साहेबांना गाडीचं बॉनेट कुठून उघडतं हेही ठाऊक नाही, पण ते असो. पुढच्या महिन्याभरात मी त्या गॅरेजला तीन खेपा घातल्या. एकदा ब्लोअर साफ करून दिला. एकदा "गॅस भरावा लागेल" असं सांगितलं. गॅस असतो एसीचा, हीटरशी त्याचा काही संबंध नसतो. तिसऱ्यांदा, हीटरचा आतला भागच बदलायचा, त्यासाठी सगळा डॅशबोर्ड उतरवायचा, असा मोठा आकडा सांगितला. तेव्हा मी गाडी परत आणली आणि हा हीटर मुळात चालतो कसा हे शिकायचं ठरवलं.

शिकल्यावर कळलं की आपल्यातल्या निम्म्याजणींना ते आधीच माहीत आहे. तुमच्यापैकी किती जणींच्या घरी माळ्यावर तांब्याचा बंब पडून आहे? बघा, बरेच हात वर आले. या पेठेतल्या वाड्यांमधून सकाळी धूर निघायचा तो त्या बंबांचा. बंबात मधल्या नळीत जाळ आणि भोवती पाणी. इंजिनही तसंच असतं. आत पेट्रोल जळतं, भोवतीच्या पोकळीतून पाणी फिरतं. पेट्रोलमधल्या उष्णतेपैकी ढोबळमानानं एक तृतीयांश गाडी पळवायला उपयोगी पडते, बाकीची धुरातून आणि या पाण्यातून बाहेर जाते. पाण्याला ती उष्णता कुठेतरी टाकावी लागते. समोरच्या जाळीमागे मोठा रेडिएटर असतो, तिथं पाणी गार होतं. त्याच पाण्याचा एक छोटा फाटा दोन रबरी नळ्यांमधून डॅशबोर्डच्या मागे नेलेला असतो. तिथं वहीएवढा एक छोटा रेडिएटर असतो. पंखा त्यातून हवा ढकलतो आणि ती हवा गरम होऊन आपल्याकडे येते. झाला हीटर. त्याला वेगळं इंधन लागत नाही. वाया जाणारीच उष्णता आहे ती.

आता बंबातली आणखी एक गोष्ट आठवा. पाणी नसताना बंबात जाळ घातला तर बंबाचे जोड सुटतात. त्याकडे मी नंतर येते.

इंजिनाला पाणी फार गार असून चालत नाही. नव्वद अंश सेल्सिअसच्या आसपास ते खुशीत असतं. म्हणून पाण्याच्या वाटेवर एक झडप बसवलेली असते, तिला थर्मोस्टॅट म्हणतात. तिच्यात मेण भरलेली एक डबी असते. पाणी गार असेल तोवर झडप बंद राहते आणि पाणी मोठ्या रेडिएटरकडे जात नाही. साधारण ब्याऐंशी ते अठ्ठ्याऐंशी अंशाला मेण वितळून फुगतं आणि झडप उघडते. वीज नाही, बटण नाही, मेणाच्या फुगण्यावर सगळा कारभार.

आपल्याकडे हा थर्मोस्टॅट काढून टाकायची जुनी पद्धत आहे. गाडी घाटात तापली की मेकॅनिक म्हणतो, "ही झडप आपल्या हवेला नको, बाहेरच्या थंड देशांसाठी असते." तो ती काढतो, मालक खूश होतो, कारण काटा आता वर चढत नाही. पण मग पाणी सदासर्वकाळ मोठ्या रेडिएटरमधून फिरतं. इंजिन हवं तेवढं तापतच नाही, पेट्रोल जास्त खातं, लवकर झिजतं. आणि हीटरला मिळतं कोमट पाणी. घाट चढताना इंजिनावर भार असतो तेव्हा तेवढ्यापुरतं पाणी तापतं, भार कमी झाला की वाऱ्यानं पुन्हा गार. माझ्या गाडीत नेमकं हेच होतं. गाडी मी जुनी घेतली होती, आधीच्या मालकाच्या काळात कुणीतरी झडप काढली होती. "चढावर गरम, उतारावर गार" हे माझं वाक्य म्हणजे अर्ध्याहून जास्त निदान होतं. ते ऐकून घेतलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं. नवी झडप बसवायला जो खर्च आला तो डॅशबोर्ड उतरवण्याच्या आकड्यापुढे किरकोळ होता. आपल्या दुखण्याचं आपण केलेलं वर्णन दवाखान्यात कसं घेतलं जातं यावर आपण याच खोलीत पूर्वी बोललो आहोत, म्हणून त्यावर जास्त बोलत नाही.

तर आता तुमच्या गाडीचा हीटर चालत नसेल तर काय बघायचं ते सांगते. ज्यांच्याकडे वही आहे त्यांनी लिहून घ्या.

पहिला प्रश्न: हवाच येत नाही, की हवा येते पण गार येते? हे दोन वेगळे आजार आहेत. हवाच येत नसेल तर पाण्याकडे जाऊच नका, दोष विजेचा आहे. आधी फ्यूज बघा. फ्यूजची पेटी कुठे आहे ते गाडीच्या पुस्तकात असतं. हवा फक्त सगळ्यात मोठ्या वेगावर येते आणि एक-दोन-तीनवर येत नाही असं असेल, तर पंखा चांगला आहे, त्याचा वेग कमी करणारा रेझिस्टर गेला आहे. हा छोटा भाग असतो. यासाठी कुणी अख्खा ब्लोअर बदलायला सांगितला तर का, ते विचारा.

हवा येते पण गार. मग डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा बघा. दहा-पंधरा मिनिटं चालवूनही काटा खालीच राहतो, किंवा रस्ता मोकळा लागला की खाली येतो, तर थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे किंवा जागेवरच नाही. हल्लीच्या काही गाड्यांना काटा नसतो, नुसता निळा आणि लाल दिवा असतो. निळा दिवा विझायलाच फार वेळ लागत असेल तर तोच अर्थ घ्या.

काटा जागेवर आहे आणि तरी हवा गार, तर बॉनेट उघडायचं. पण थांबा. पदर खोचा, ओढणी काढून ठेवा, वेणी मागे बांधा, बांगड्या आणि लोंबती मंगळसूत्रं आत घ्या. इंजिन बंद केलं तरी रेडिएटरचा विजेचा पंखा आपोआप सुरू होऊ शकतो, तो सांगून येत नाही. मग इंजिन आणि डॅशबोर्ड यांच्यामधल्या पत्र्यातून आत जाणाऱ्या त्या दोन रबरी नळ्या शोधा. इंजिन तापलेलं असताना हातावर फडकं घेऊन दोन्हींना क्षणभरच हात लावा. दोन्ही गरम असतील तर पाणी आत पोचतंय, मग दोष हवा वळवणाऱ्या आतल्या झापेचा. तिची तार सुटलेली असते, किंवा नव्या गाड्यांमध्ये ती फिरवणारी छोटी मोटर खराब झालेली असते. अशा वेळी डॅशबोर्डच्या मागून टकटक आवाज येतो. एक नळी गरम आणि दुसरी गार, तर आतला छोटा रेडिएटर तुंबला आहे किंवा त्याच्या वाटेवरचा कॉक बंद आहे. दोन्ही गार, तर पाणी कमी आहे, हवा अडकली आहे, किंवा पाणी फिरवणारा पंप, ज्याला आपले मेकॅनिक वॉटर बॉडी म्हणतात, तो थकला आहे.

गाडी पळताना हीटर गरम आणि सिग्नलला उभी राहिली की गार, अशी तक्रार तुमच्यापैकी एकीनं मघाशीच केली. तिनं उद्याच पाण्याची पातळी बघावी. इंजिन हळू फिरतं तेव्हा पंपही हळू फिरतो, आणि पाणी कमी असेल तर ते हीटरपर्यंत पोचत नाही. डॅशबोर्डमागून खळखळ आवाज येत असेल तर आत हवा आहे हे नक्की. पाणी कमी का होतंय हे शोधल्याशिवाय नुसतं भरत राहू नका, ते कुठेतरी जातंय.

कुठे जातं? काही वेळा तुमच्या पायाशी. शेजारच्या सीटपुढची चटई ओली, काचेवर पुसून न निघणारा तेलकट थर आणि गाडीत गोडसर वास, ही तीन लक्षणं एकत्र दिसली तर आतला छोटा रेडिएटर गळतो आहे. तेव्हा मात्र डॅशबोर्ड उतरवावाच लागतो, त्याला इलाज नाही. ज्या गाडीत ही लक्षणं नाहीत, तिच्यात मात्र नळ्यांना हात लावून दाखवल्याशिवाय या खर्चाला हो म्हणू नका.

वास गोडसर का, तर ते नुसतं पाणी नसतं, कूलंट असतं. इथंही तेच ऐकायला मिळतं, "आपल्याकडे बर्फ पडत नाही, कूलंट कशाला?" कूलंटचं काम फक्त गोठू न देण्याचं नाही. त्यानं पाणी उशिरा उकळतं आणि आतून गंज धरत नाही. बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं भरलं की किटलीच्या तळाला बसतो तसा क्षार बसतो, आणि पहिली तुंबते ती हीटरची बारीक नळी. पण कूलंट विषारी असतं आणि चवीला गोड. सांडलेलं धुऊन टाका, उरलेलं पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरून ठेवू नका. मुलं आणि गल्लीतली कुत्री-मांजरं दोघांनाही त्याचा धोका आहे.

आता बंबाकडे परत येते. घाट चढताना काटा वर चढायला लागला आणि त्याच वेळी हीटरमधून गार हवा यायला लागली, तर तो दोष हीटरचा नाही. पाणी संपलं आहे. कधी कधी तर काटाही फसवतो, कारण तापमान मोजणारा भाग पाण्याबाहेर उघडा पडलेला असतो. सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. पुढच्या गावापर्यंत नेऊ असं म्हणून इंजिन जाळू नका. याउलट पाणी भरपूर आहे, पण खंबाटकीच्या चढावर वाहनांच्या रांगेत गाडी तापते आहे, तर एसी बंद करा, खिडक्या उघडा आणि हीटर पूर्ण गरम करून पंखा मोठा करा. मे महिन्यात हे नको वाटेल, पण तो छोटा रेडिएटर मोठ्याच्या मदतीला येतो आणि बाजूला घेईपर्यंत वेळ मिळतो.

आणि तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. कुणी कितीही सांगितलं तरी नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं, शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळलेलं नसतं. झाकण फिरवताक्षणी त्याची वाफ होते आणि तोंडावर येते. प्रेशर कुकरची शिट्टी न उचलता आपण झाकण उघडतो का? अर्धा-पाऊण तास थांबा, हाताला गार लागल्यावर उघडा.

काचेबद्दल थोडं राहिलं. हीटर चांगला असूनही काच पांढरी होत असेल तर आतलीच हवा फिरवण्याचं बटण बघा. धूर नको म्हणून आपण ते दाबतो आणि विसरतो. पावसात ते बंद हवं, बाहेरची हवा आत यायला हवी. एसी आणि हीटर दोन्ही एकदम लावायचे, हे ऐकून माझ्या सासूबाई म्हणाल्या होत्या, "म्हणजे गार करायचं की गरम?" दोन्ही. एसी हवेतलं पाणी काढून घेतो, मग हीटर ती गरम करतो. एवढं करून काच पुसली जात नसेल तर वाफ बाहेरच्या बाजूनं आहे. एसीनं काच फार गार झाली की असं होतं. वायपर फिरवा आणि एसी सौम्य करा.

विजेच्या गाडीत मात्र इंजिनाची वाया जाणारी उष्णता नसते. तिचा हीटर बॅटरीवर चालतो, त्यामुळे तो लावला की पल्ला कमी होतो. त्या गाड्यांतल्या नारिंगी जाड वायरींना आपण हात लावायचा नाही. ते काम शिकलेल्या माणसाचंच.

एक धोका हीटरच्या निमित्तानं सांगायलाच हवा. गाडीत धुराचा वास येत असेल, डोकं दुखत असेल, मळमळत असेल, तर सायलेन्सरची नळी कुठेतरी फुटली असू शकते. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो. बंद पार्किंगमध्ये इंजिन आणि हीटर चालू ठेवून मुलाला झोपवणं, कुणाची वाट बघत बसणं, हे जिवावर बेतू शकतं.

हे सगळं बायकांचं काम नाही असं म्हणणाऱ्यांसाठी थोडा इतिहास. 1888च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत बर्था बेंझ यांनी नवऱ्याला न सांगता त्याची मोटार काढली आणि दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फॉर्झहाइमला, म्हणजे शंभर किलोमीटरच्या वर, माहेरी गेल्या. वाटेत ठिकठिकाणी इंजिनात पाणी घातलं, तुंबलेली इंधनाची नळी टोपीच्या पिनेनं साफ केली. मोटारीचा तो पहिला लांबचा प्रवास मानतात. 1893 साली अमेरिकेत मार्गारेट विल्कॉक्स या बाईंनी कार हीटरचं पेटंट घेतलं. तेव्हा कार म्हणजे मुख्यतः आगगाडीचा डबा, पण कल्पना हीच, डब्यातल्या माणसांना ऊब मिळावी ही. 1903 साली मेरी अँडरसन यांनी काच पुसणाऱ्या वायपरचं पेटंट घेतलं आणि त्यातून त्यांना काही मिळालं नाही. म्हणजे पावसात समोरचं दिसावं यासाठी डोकं चालवलं ते बायकांनी, आणि गॅरेजमध्ये "साहेबांना पाठवा"!

लांब कशाला जायचं, 1974 साली टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं छापलं होतं. सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं, आणि पुण्यातल्या मुलाखतीनंतर त्या कंपनीत घेतलेल्या पहिल्या स्त्री इंजिनिअर ठरल्या. त्याच कंपनीच्या पिंपरीच्या कारखान्यात अलीकडच्या वर्षांत हॅरिअर आणि सफारी या गाड्यांची जुळणी करणारी पूर्ण बायकांची लाइन उभी राहिली. गाडी जोडणारी बाई चालते, तिच्याबद्दल तक्रार करणारी चालत नाही, हे गणित मला अजून सुटलेलं नाही.

गॅरेजमध्ये जाताना तक्रार कागदावर लिहून न्या: केव्हा गरम, केव्हा गार, काटा कुठे, आवाज, वास. "हीटर बिघडलाय" एवढंच सांगितलं तर काहीही बदलून मिळतं. काढलेला जुना भाग परत मागा. बिलात मजुरी आणि सामान वेगळं लिहून घ्या. आणि काम झाल्यावर गाडी तिथल्या तिथे बघू नका, दहा मिनिटं फिरवून मग पैसे द्या.

पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता, गल्लीत गर्दी व्हायच्या आत, आपण तीन गाड्यांची बॉनेटं उघडून त्या दोन नळ्या शोधणार आहोत. ज्यांच्या गाड्या घेणार आहोत त्यांनी रात्रीपासून गाडी सुरू करू नये, आधी थंड इंजिनात पाण्याची पातळी बघायची आहे. येताना जुनं फडकं आणि टॉर्च आणा.